वीतभर माती आणि माझे चौदा ठसे

आजचा भाग एका फोटोवरून सुचलाय. तो फोटो मी कुठंही टाकलेला नाही आणि टाकणारही नाही, कारण त्यात माझा मूर्खपणा पुराव्यासकट दिसतो.

फोटोत मागं भलीमोठी लाल दरी आहे. पुढं एक पिळवटलेलं जुनिपरचं झाड, झाडाला टेकून मी. आणि पायवाटेपासून झाडापर्यंत गेलेले माझ्या बुटांचे ठसे. चौदा आहेत. झूम करून मोजलेत.

जागा आहे अमेरिकेतल्या युटा राज्यातलं कॅनियनलँड्स नॅशनल पार्क. ऑफिसच्या कामासाठी मी काही महिने डेन्व्हरला होते, आणि एका लाँग वीकेंडला आम्ही तिघं गाडी काढून सहाएक तास पश्चिमेला गेलो. वाटेच्या कडेला पाटी होती: वाट सोडू नका, माती जिवंत आहे. मी ती वाचली, 'काय पण एकेक' म्हणून हसले, आणि फोटोसाठी सरळ झाडाकडं चालत गेले. परत आले तर वाटेवर एक वयस्कर बाई उभ्या होत्या. रागावल्या वगैरे नाहीत. फक्त बोटानं दाखवलं. ठशांच्या बाजूची माती काळपट, खडबडीत, उंचसखल होती, जळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. ठशांच्या आत मात्र नुसती सुटी लाल वाळू. "हे परत यायला मी काय, तूही नसशील," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या रात्री मोटेलच्या खोलीत मी वाचायला बसले. आज जे सांगतेय ते तिथून सुरू झालं.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. मेसा म्हणजे स्पॅनिशमध्ये टेबल. सपाट माथा आणि चारी बाजूंनी तुटलेले कडे. आपल्याकडं सह्याद्रीत असे सपाट माथ्याचे डोंगर बघितलेले असतात आपण, त्यामुळं पहिल्यांदा वाटतं, हे तर ओळखीचं आहे. पण आपले माथे लाव्हाचे, म्हणजे बेसॉल्टचे. तिथले वालुकाश्माचे. युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं जिथं भेटतात तिथं पसरलेलं हे कोलोरॅडो पठार. मी ज्या मेसावर होते त्याचं नाव 'आयलँड इन द स्काय', उंची साधारण १,८०० मीटर. कड्यावरून खाली बघितलं तर पुढचा सपाट टप्पाच हजार फुटांहून जास्त खाली.

या माथ्यावरचा एक दगड नावाजलेला आहे, नवाहो वालुकाश्म. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी इथं प्रचंड वाळवंट होतं. त्यातल्या टेकड्या गाडल्या गेल्या, पाण्यातून आलेल्या चुन्यानं आणि लोहानं कण एकमेकांना चिकटले आणि दगड झाला. आता ऊन, बर्फ आणि पाणी त्या दगडाचे पुन्हा कण सुटे करतायत. म्हणजे माझ्या बुटाखालची वाळू दुसऱ्यांदा वाळू झालेली होती. मला ही कल्पना फार आवडली. तेव्हा नाही, नंतर.

आता खुद्द माती. तिथं मोबाइलवर चालणारं एक ॲप आहे, सॉइलवेब. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवाल्यांनी अमेरिकी कृषी खात्याच्या मृदा सर्वेक्षणावर बांधलेलं. जीपीएस चालू करून उभं राहायचं, ते पायाखालच्या मातीचं नाव सांगतं. आग्नेय युटामध्ये एक नाव सारखं भेटतं, रिझ्नो. नुसतं रिझ्नोही नाही, बहुतेक वेळा 'रिझ्नो आणि उघडा खडक' अशी जोडी. कारण दोघांना वेगळं काढून नकाशावर दाखवणंच शक्य होत नाही. चार पावलं माती, मग पाच पावलं दगड, परत माती.

या मातीचं शास्त्रीय कुळ आहे 'लिथिक अस्टिक टॉरिऑर्थेंट्स'. घाबरू नका. मी प्रोग्रामर आहे, मला हे नाव बघून उलट आनंद झाला, कारण ते एखाद्या पॅकेजच्या नावासारखं तुकड्यातुकड्यांनी बनलंय. मागून वाचत यायचं. शेवटचं 'एंट' हे रीसेंटमधलं एंट: माती नवी आहे, अजून तिच्यात नीट थर पडलेले नाहीत. 'ऑर्थ' म्हणजे त्या जातीतली साधी, नेहमीची. 'टॉरि' म्हणजे उष्ण आणि कोरड्या हवेतली. 'अस्टिक' म्हणजे कोरडी खरी, पण अगदी ठणठणीत वाळवंट नाही, वाढीच्या दिवसांत थोडी ओल मिळते. आणि 'लिथिक' म्हणजे खाली ५० सेंटिमीटरच्या आत अखंड दगड आहे. मातीची अख्खी गोष्ट एका ओळीत. आमच्या कोडमध्ये व्हेरिएबलची नावं इतकी प्रामाणिक असती तर माझे निम्मे शनिवार वाचले असते.

रिझ्नोची खोली दहा ते पन्नास सेंटिमीटर. आपल्या मापात चार बोटांपासून हातभर. रंग लालसर, कारण वाळूच्या प्रत्येक कणावर लोखंडाच्या गंजाचा पातळ थर. पोत बारीक वाळूचा, थोडा पोयट्याकडं झुकणारा. चुना भरपूर, सेंद्रिय कर्ब अगदी कमी. आणि खाली दगड.

आता गंमत. तिथली रात्र म्हणजे इकडची सकाळ, त्यामुळं मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. आबा म्हणजे माझे आजोबा. जालना जिल्ह्यात आमची काळी जमीन आहे, कापूस आणि तूर. त्यांना मातीचा फोटो पाठवला होता. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "बरड हाय. कायच कामाची नाही." मग थोडं थांबून, "पाऊस किती पडतो गं तिथं?"

मी म्हटलं, "वर्षाला २३० मिलिमीटरच्या आसपास, आबा." आमच्याकडं ७०० च्या आसपास पडतो आणि तरी दर दोन-तीन वर्षांनी टँकर बोलवावे लागतात.

"मग झाडं कशी काय उभी हायत?"

बघा, मी दोन तास वाचत होते आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. यांनी दोन मिनिटांत विचारला.

चला, हिशोब करू. अशी वाळूसर माती झाडाला उपयोगी पडेल असं पाणी तिच्या आकारमानाच्या दहाएक टक्के धरते. ३० सेंटिमीटर खोल माती असेल तर झालं ३० मिलिमीटर. बस. एवढीच टाकी. आपली मीटरभर खोल काळी माती याच्या पाचपट सहज धरते. म्हणजे कागदावर आबांचं बरोबर: बरड जमीन.

पण कोरड्या प्रदेशात हिशोब उलटतो. समजा दहा मिलिमीटरची सर आली. वाळूसर मातीत ते पाणी सर्रकन आत जातं, साधारण दहा सेंटिमीटर खोल. तेवढंच पाणी भारी चिकण मातीवर पडलं तर वरच्या तीन-चार सेंटिमीटरातच अडकतं, कारण ती माती ओंजळ पसरून बसलेली असते. आणि उन्हानं, वाऱ्यानं सगळ्यात आधी काय सुकतं? तेच वरचे तीन-चार सेंटिमीटर. शिवाय वाळूचा वरचा थर एकदा वाळला की खालची ओल वर खेचली जात नाही, कणांमधल्या जागा मोठ्या असतात, धागा तुटतो. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' ऐकलं असेल. कोळपं फिरवून आपण वरची माती मोकळी करतो आणि खालची ओल कोंडून ठेवतो. या वाळूत ती कोळपणी आपोआप झालेली असते.

इमॅन्युएल नॉय-मेयर नावाच्या इस्राएली परिसंस्था-अभ्यासकानं १९७३ साली हे नीट मांडलं. भरपूर पावसाच्या मुलखात भारी माती चांगली, आणि पाऊस एका मर्यादेखाली गेला की हलकी माती चांगली. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे वाफसा लगेच येत असंल." शहरातल्या मंडळींसाठी: वाफसा म्हणजे पावसानंतर जास्तीचं पाणी निथरून मातीत ओल आणि हवा दोन्ही बरोबर प्रमाणात असण्याची वेळ, पेरणीची वेळ. काळ्या रानात त्यासाठी आठवडाभर थांबावं लागतं, पाय टाकला तर चिखलात बूट राहतो. या वाळूत दुसऱ्या दिवशी सकाळी वाफसा असतो.

आणि हातभर खालच्या दगडाचं काय? अखंड म्हटलं तरी वालुकाश्माला चिरा असतात. त्या चिरांमध्ये वरून वाळू आणि पाणी उतरतं, आणि तिथं ऊन पोचत नाही. युटा जुनिपर नेमकं हेच शोधतं. त्याची मुळं २५ फूट खाली आणि आडवी १०० फुटांपर्यंत जातात असं पार्कवाले सांगतात. दुष्काळ फारच ओढला तर हे झाड एखाद्या फांदीचं पाणी तोडून टाकतं, फांदी वाळते, झाड जगतं. माझ्या फोटोतल्या झाडाच्या निम्म्या फांद्या पांढऱ्या वाळलेल्या आहेत. मला ते झाड मेलेलं वाटलं होतं.

मोठी सर आली तर मात्र ही छोटी टाकी लगेच भरते. मग पाणी दगडावरून वाहत सुटतं, खडकातल्या खळग्यांत साचतं, नाहीतर अरुंद दऱ्यांमध्ये अचानक लोंढा होऊन उतरतं. माणसं वाहून जातात त्यात. तिथं फिरायला जाणार असाल तर आधी आभाळ बघा, आणि नुसतं डोक्यावरचं नाही, वरच्या अंगाचंही.

आबांचा पुढचा प्रश्न: "पिकतं काय?"

पार्कमध्ये अर्थातच शेती नाही. पण तिथून दक्षिणेला, ॲरिझोनात, होपी लोकांची गावं आहेत, तीन मेसांवर आणि त्यांच्या पायथ्याशी. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या मका घेतात, विहीर नाही, कालवा नाही, नुसत्या हिवाळी बर्फाच्या आणि उन्हाळी सरींच्या ओलीवर. वाळूची रानं मुद्दाम निवडतात. काठीनं खोल भोक करून, कधी वीतभराहून जास्त खाली, जिथं ओल लागते तिथं दाणे टाकतात. आपल्या नेहमीच्या मक्याचा कोंब तेवढ्या खोलून वर येणारच नाही, वाटेतच संपेल. होपी मक्याचा कोंब लांब वाढतो, ते बियाणंच त्यासाठी राखत आलेलं. आणि झुपके एकमेकांपासून चांगले चार-सहा पावलं लांब, पाण्यासाठी भांडण नको म्हणून. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बियाणं घरचंच राखत्यात?" मी हो म्हटलं. आमच्या घरी कापसाचं बियाणं दरवर्षी पाकिटातून येतं.

हे सगळं झालं पाण्याचं. माझा गुन्हा पाण्याशी नाही, चिकटपणाशी आहे.

आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की लहानपणी चेंडू त्यात गेला की गेलाच. पहिला मोठा पाऊस झाला की माती फुगते, भेगा मिटतात. बैल चालू देत, ट्रॅक्टर जाऊ दे, नांगर फिरू दे, ती ओली होऊन आणि वाळून स्वतःला पुन्हा सांधत राहते. हे काम तिच्यातली चिकणमाती करते. वाळूकडं ती नाही. वाळूचा कण शेजारच्या कणाला ओळखतही नाही. मग त्या उघड्या मेसावर, तसल्या वाऱ्यात, ही वीतभर वाळू थांबते कशी?

तिला धरून ठेवणारा डिंक जिवंत आहे. वरच्या काही मिलिमीटरांत सायनोबॅक्टेरिया राहतात, ज्यांना आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो. भाताच्या खाचरात नत्रासाठी सोडतात त्याच घराण्यातले. तिथल्या मुख्य जातीचं नाव मायक्रोकोलियस. पाऊस पडला की त्यांचे धागे ओल्या वाळूतून सरकतात, आणि मागं चिकट नळ्या सोडत जातात. धागा मेला तरी नळी राहते. अशा असंख्य नळ्यांचं जाळं वाळूला विणून टाकतं. मग त्यावर लायकेन येतात. लायकेन म्हणजे कोण? गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल, त्याची चुलत भावंडं. मग मॉस येतं. हिवाळ्यात पाणी गोठून सगळं वर उचललं जातं, त्यातून ते छोटे छोटे काळे सुळके तयार होतात. मला जळलेली भाकरी वाटली ती ही.

हा पापुद्रा वाळू धरतो, हवेतलं नत्र मातीत आणतो, आणि तिसरं काम करतो ते मला सगळ्यात भारी वाटलं. तो धूळ पकडतो. वालुकाश्म हा बहुतेक क्वार्ट्झ, त्यात झाडाला खायला फारसं काही नाही. फॉस्फरस, मॅग्नेशियम वगैरे बरंचसं येतं लांबून वाऱ्यानं आणलेल्या बारीक धुळीतून. हे कळलं कसं? अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षणाच्या रिचर्ड रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी मातीतले चुंबकीय कण तपासले. टायटॅनियम असलेला मॅग्नेटाइट सापडला, जो खालच्या दगडात जवळपास नाहीच. म्हणजे तो बाहेरून आलाय. त्यांचा निबंध २००१ चा. सुळक्यांच्या मधल्या खाचांत ही धूळ अडकते आणि पावसानं आत जाते. हजारो वर्षांची थेंबाथेंबानं केलेली बचत.

आणि हा पापुद्रा वाळलेला असताना कुरकुरीत असतो. पाय पडला की नळ्या तुटतात. सायनोबॅक्टेरिया त्यातल्या त्यात लवकर परततात, पण लायकेन आणि मॉसला कित्येक दशकं लागतात, कोरड्या जागी शतकाहून जास्त. बाई बरोबर बोलल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, चौदा ठशांनी काय होतंय. मीही म्हटलं. मग मला व्हर्जिनिया पार्क सापडलं. कॅनियनलँड्समध्येच खडकांनी वेढलेला एक तुकडा आहे, जिथं गाईगुरं कधीच शिरू शकली नाहीत. आजही तिथं कुणाला जाऊ देत नाहीत. २००५ साली जेसन नेफ, जेन बेलनॅप आणि सहकाऱ्यांनी अशा कधीच न चरलेल्या जमिनीची तुलना जवळच्या, पूर्वी चराई झालेल्या जमिनीशी केली. चराई थांबून तीसेक वर्षं झाली होती. तरी तिथल्या मातीत बारीक गाळाचे कण सुमारे ४० टक्के कमी होते, आणि वरच्या थरातला कर्ब आणि नत्र निम्म्याहून जास्त गेलेला. वाळू होती तिथंच, बचत उडून गेली.

उडून कुठं गेली, तर पूर्वेला, रॉकी पर्वताच्या बर्फावर. पांढऱ्या बर्फावर तांबूस धूळ बसली की तो ऊन जास्त खातो आणि लवकर वितळतो. थॉमस पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हिशोब मांडला: या धुळीमुळं कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यात पाण्याचा सर्वाधिक ओघ तीन आठवडे आधी येतो, आणि वर्षाचं पाणी सुमारे पाच टक्क्यांनी घटतं, कारण उघड्या पडलेल्या झाडाझुडपांना पाणी उडवायला जास्त दिवस मिळतात. त्या नदीवर ४ कोटी माणसं अवलंबून आहेत. एकोणिसाव्या शतकात वसाहती आणि गुरं आली तेव्हापासून ही धूळ वाढली. १९३४ च्या चराई कायद्यानंतर थोडी उतरली, पण मूळ पातळीवर परतली नाही.

परत आल्यावर मी पावसाळ्यात कासला गेले. तिथं सगळं वेगळं: दगड जांभा, पाऊस धो धो, फुलं. पण सड्यावर चार बोटं माती बघितली आणि माझे पाय आपोआप वाटेवरच राहिले. शेजारी एक मुलगा रीलसाठी फुलांत उतरत होता. मी काही बोलले नाही. त्या बाईंसारखं नुसतं बोट दाखवायला पाहिजे होतं, तेवढं सुचलं नाही.

फोटो शेवटी आबांना पाठवला, ठशांसकट. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि विचारलं, "गेलीस त्याच ठशांवरनं परत आलीस, का नवे पाडलेस?"

मी परत मोजले. सात जायचे, सात यायचे.

भेटू पुढच्या भागात.